अंग आंबणे

पहिल्यांदा जोर-बैठका मारल्या की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही. त्याला आपण 'अंग आंबले' म्हणतो. या क्रियापदातील आंबटपणाकडे आपले सहसा लक्ष जात नाही. १९०७ साली केंब्रिजमध्ये फ्लेचर आणि हॉपकिन्स यांनी बेडकाच्या थकलेल्या स्नायूंत लॅक्टिक आम्ल साठते असे दाखविले आणि पुढे दुखण्याचा आळही त्याच आम्लावर आला. आमच्या पिढीला शाळेत हेच सांगितले गेले. जणू भाषेला ते आधीच ठाऊक होते!

तसे ते नव्हते. थिओडोर हफ यांनी १९०२ मध्येच हे उशिरा येणारे दुखणे स्नायूंच्या आतील सूक्ष्म चिरांशी जोडले होते. १९८३ च्या एका प्रयोगात सपाटीवर धावणाऱ्यांच्या रक्तात हे आम्ल वाढले, पण अंग दुखले नाही. उतारावर धावणाऱ्यांचे अंग दुखले, आम्ल मात्र वाढलेच नव्हते.

उपायांचे नशीबही असेच पालटत गेले. १९७८ मध्ये गेब मर्किन यांनी दुखापतीवर बर्फ सुचविला. २०१४ मध्ये त्यांनीच तो आग्रह मागे घेतला. व्यायामानंतर नेहमी थंड पाण्यात बसल्यास स्नायूंची वाढ मंदावते, असे २०१५ मध्ये दिसले. तालमीत पैलवान एकमेकांची अंगे रगडतात, त्या जुन्या रिवाजाला मात्र २०१८ च्या ९९ अभ्यासांच्या आढाव्याने बळ दिले: दुखणे कमी करण्यात मालिश सर्वांत पुढे होती. रगडल्याने आम्ल निघून जाते, हा तिला चिकटलेला खुलासा तेवढा टिकत नाही.