कुटार आणि काचतंतू

पवनारला धाम नदीच्या काठी उभे राहिले म्हणजे इतिहासाच्या अभ्यासकाचे चित्त प्रथम वाकाटकांकडे धाव घेते. म. म. मिराशी यांनी दुसऱ्या प्रवरसेनाचे प्रवरपूर ते हेच, असे प्रतिपादन केले. पुढे मनसरच्या उत्खननानंतर त्यावर मतभेद झाला. तो वाद तज्ज्ञांनी खुशाल चालवावा. प्रस्तुत लेखकास ह्या गावी राजांपेक्षा भिंतींनी अधिक गुंतविले.

वसाहतीच्या जागेस आपण पांढरी म्हणतो, शेतजमिनीस काळी. मातीचे घर बांधावे, ते पडावे, त्याच जागी दुसरे उठावे, असे शतकानुशतके चालले म्हणजे पांढरीचे टेकाड होते. पवनारचे असेच टेकाड १९६७ साली नागपूर विद्यापीठातर्फे शां. भा. देव व म. के. ढवळीकर यांनी खणले. अशा टेकाडात मडकी राहतात, मणी राहतात, मातीही राहते. परंतु त्या मातीला भिंतपण देणारी काडी मात्र बहुधा कुजून गेलेली असते. इतिहासाने तिची दखल थोडी घेतली, ह्याचे कारण कदाचित एवढेच असेल.

नुसत्या चिखलाची भिंत घालून पाहावी. माती सुकताना आकसते आणि भेगाळते. वऱ्हाड-वर्धेकडील काळी माती तर विशेषच. म्हणून आमचे लोक चिखलात गव्हाचे वा तुरीचे कुटार मिसळतात, तो तुडवितात, मुरू देतात आणि मगच थर चढवितात. मातीला दाब सोसतो, ताण सोसत नाही. काडीला ताण सोसतो, पण एकटी काडी उभी राहात नाही. भेग फुटू लागली की तिच्या आड काडी येते व दोन्ही कडा धरून ठेवते. हा व्यवहार ज्या गवंड्याने प्रथम ओळखला त्याचे नाव कोणत्याही ताम्रपटात नाही.

अजिंठ्यास हेच दिसते. तेथील सोळाव्या लेण्यात हरिषेण वाकाटकाचा अमात्य वराहदेव याचा शिलालेख आहे. चित्रांखालील गिलावा म्हणजे माती, तीत भाताचे तूस व वनस्पतींचे तंतू. आणि तो धरून राहावा म्हणून खालचा पाषाण खडबडीत ठेवलेला. वेरूळच्या बाराव्या लेण्यातील गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले आढळल्याचे २०१६ साली प्रसिद्ध झाले; तेथील गिलावा कीटकांपासून बचावला तो त्यामुळे, असे संशोधकांचे अनुमान आहे. अजिंठ्याची जी चित्रे गेली, त्यांतील पुष्कळशी रंग उडाल्याने नव्हे, तर गिलावाच पाषाणापासून सुटल्याने गेली. जोड सुटली की दोन्ही घटक शाबूत असूनही वस्तू नाहीशी होते. हा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा.

आता काचेकडे वळू. काच ठिसूळ, हे पोरही सांगेल. परंतु ए. ए. ग्रिफिथ ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने १९२१ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखविले की, काचेचा दुबळेपणा तिच्या पृष्ठभागावरील सूक्ष्म चिरांत असतो, आणि तंतू जितका बारीक ओढावा तितका तो बळकट होत जातो. ताजा काचतंतू ताणास साध्या पोलादाहून सरस ठरतो. असे तंतू विपुल काढण्याची युक्ती १९३२ साली अमेरिकेत डेल क्लाइस्ट नावाच्या तरुणास अकल्पितपणे सापडली. काचेचे ठोकळे सांधताना जोराच्या हवेचा झोत वितळलेल्या काचेवर पडला, आणि झाली ती तंतूंची वृष्टी! त्याच दशकात पॉलिएस्टर राळ तयार झाली. द्रवरूप असता ती तंतूंत शिरते आणि उत्प्रेरक घालताच स्वतःच तापून घट्ट होते. दुसऱ्या महायुद्धात विमानांवरील रडारची आवरणे ह्या जोडीची झाली, कारण रेडिओलहरी त्यांतून निर्वेध जातात.

राळ येथे मातीचे काम करते. ती तंतूंना जागेवर धरते, घर्षणापासून जपते, आणि एक तंतू तुटला तर त्याचा भार शेजारच्यांवर वाटून देते. तुटलेला तंतूही, तुटीपासून थोड्या अंतरावर, राळेच्या पकडीमुळे पुन्हा भार उचलू लागतो. सारे अवलंबून आहे ते पकडीवर. काचेस पाण्याची ओढ फार. सांध्यात ओल शिरली की तंतू व राळ विलग होऊ लागतात. म्हणून तंतूंवर सिलेन जातीच्या द्रव्याचे अतिसूक्ष्म पुट देतात. त्याचे एक टोक काचेशी व दुसरे राळेशी जडते. अजिंठ्याच्या कारागिराने छिन्नीने जे साधले, ते येथे रसायनाने साधावे लागते. पुट बिघडले तर उत्तम काच व उत्तम राळही व्यर्थ!

पवनारपासून जवळच, सेवाग्राम येथे, १९३६ च्या सुमारास माती व बांबूच्या ज्या कुट्या उठल्या, त्यांत गांधीजी राहिले. अशा भिंतींस सारवण व डागडुजी सतत लागते, आणि ह्याचा कंटाळा येणे स्वाभाविक आहे. काचतंतूच्या पत्र्यास, टाकीस वा नावेस तो जाच नाही. मात्र घट्ट झालेली राळ पुन्हा वितळत नाही. पवनचक्क्यांची जी लांबलचक पाती आता ह्याच जातीच्या द्रव्याची होतात, ती निकामी झाल्यावर काच निराळी व राळ निराळी करणे अवघड पडते. पुष्कळदा ती तोडून पुरतात किंवा दळून सिमेंटच्या भट्टीत घालतात. पावसाने ढासळलेल्या भिंतीची माती मात्र गावकरी तेथेच खड्ड्यात भिजत घालतात, आणि तीत त्या वर्षीचे नवे कुटार मिसळतात.