नाव भाजण्याचं, काम तळण्याचं



सणावाराला आपण पुऱ्या तळतो, मालवणकडे वडे तळतात. आज मात्र जरा लांबच्या कढईत डोकावू. क्रिकेट लागलं की वेस्ट इंडीज हे नाव कानावर पडतं. तिथलंच एक बेट म्हणजे त्रिनिदाद. तिथे न्याहारीला मैद्याची जाडसर, टम्म फुगलेली पुरी करतात. तिला म्हणतात ‘बेक’. इंग्रजीत बेक म्हणजे भाजणं, आणि हा तर तळलेला! भाजलेला बेकही असतो. लोखंडी भांड्यात गोळा ठेवायचा, खाली निखारे आणि झाकणावरही निखारे. पण झटपट न्याहारीला कढईच बरी.

आता गंमत बघा. या बेटावर गहू पिकत नाही. पीठ यायचं जहाजातून, उत्तर अमेरिकेहून. खारवलेला कॉड मासाही तिथूनच यायचा. उसाच्या मळ्यांवर आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांना मालक हा स्वस्त खारा मासा देत. बायांनी तो भिजवला, कुस्करला, त्यात कांदा, टोमॅटो, मिरची घातली. आजही बेकसोबत हेच कालवण आवडीने खातात. आपल्याकडे सुकटाची चटणी करतात ना, तसंच. मालकाने पोट भरण्यापुरतं दिलं, चव बायांनी आणली.

१८३८ साली तिथले गुलाम पूर्ण मुक्त झाले. मग मळ्यांना मजूर कुठून आणायचे? ते आपल्या देशातून नेले. ३० मे १८४५ रोजी ‘फतेल रझाक’ नावाचं जहाज सव्वादोनशेच्या आसपास माणसं घेऊन त्रिनिदादला लागलं. १९१७ पर्यंत १ लाख ४० हजारांहून जास्त माणसं तिथे गेली. बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश-बिहारकडची, काही मद्रासकडची. करार पाच वर्षांचा. बायाही मळ्यात राबत, पण मजुरी पुरुषांपेक्षा कमी. ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्या बायांना हे वेगळं सांगायला नको.

या लोकांनी रोटी नेली, हरभऱ्याची उसळ नेली आणि वडाही नेला. तिकडे त्याला ‘बरा’ म्हणतात. पुढे बरा झाला मैद्याचा, हळद घातलेला, मऊ आणि चपटा. दोन बऱ्यांवर हरभऱ्याची उसळ आणि चटणी, म्हणजे ‘डबल्स’. प्रिन्सेस टाऊन गावचे मामू दीन आणि त्यांच्या पत्नी रसूलन यांनी १९३६ च्या सुमारास याची विक्री सुरू केली, असं मानतात. आज डबल्स हा साऱ्या त्रिनिदादचा आवडता पदार्थ आहे. तो खाताना कुणी कुणाची जात-पात विचारत नाही.

आता बेक घरी कसा करायचा ते लिहून घ्या. दोन वाट्या मैदा, दोन छोटे चमचे बेकिंग पावडर, अर्धा चमचा मीठ, एक चमचा साखर आणि एक मोठा चमचा लोणी. आधी लोणी पिठाला चोळायचं. मग लागेल तसं पाणी घालून मऊ मळायचं. पुरीसारखं घट्ट नको. अर्धा तास झाकून ठेवा. लिंबाएवढे गोळे करून अर्धा सेंटिमीटर जाड लाटा. तेल मध्यम तापलेलं हवं. फार कडक झालं तर बेक वरून लाल होतो आणि आत कच्चा राहतो. दोन्ही बाजूंनी सोनेरी तळा. सुकटाबरोबर खा, नाहीतर ठेच्याबरोबर.

जाता जाता एक सांगते. रसूलनबाईंचं नाव राहिलं, कारण त्यांचा पदार्थ बाजारात गेला. पहिला बेक कुणी तळला, तिचं नाव कुठेच नाही. मळ्याच्या वह्यांमध्ये मजुरी लिहिली जायची, स्वयंपाक नाही. आपल्या आज्यांचंही असंच होतं. म्हणून गटाच्या पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आजीचा, सासूचा एक पदार्थ सांगायचा. एकीने तो वहीत उतरवायचा आणि शेजारी त्या बाईचं नाव लिहायचं. पदार्थ राहतो, तसं नावही राहू दे.