पोरांच्या डोक्यात उवा झाल्यात? औषध एकदा लावून थांबू नका, नवव्या दिवशी पुन्हा लावा

भिवंडी : शाळा सुरू झाल्या की महिना-दीड महिन्यात घराघरांत एकच तक्रार ऐकू येते, पोरगी सारखं डोकं खाजवते. तालुक्यातल्या आश्रमशाळा असोत, वीटभट्टीवरच्या झोपड्या असोत की लूमवाल्यांच्या एका खोलीतली बिऱ्हाडं, पोरं डोक्याला डोकं लावून झोपतात, खेळतात, आणि ऊ चालत पलीकडे जाते. ती उडत नाही, उडी मारत नाही. घाण राहिल्यामुळे उवा होतात हाही गैरसमज आहे, रोज डोकं धुणाऱ्या पोरीलाही त्या होतात. म्हणून पोरीला चारचौघांत बोलू नका, शाळा बुडवू नका आणि रागाच्या भरात तिचे केस भादरू नका.

औषध लावूनही उवा परत का होतात? मादी दिवसाला सहा ते दहा अंडी घालते. त्याच लिखा. त्या केसाला टाळूजवळ घट्ट चिकटलेल्या असतात आणि साधारण सात ते दहा दिवसांत फुटतात. बाहेर आलेलं पिल्लू पुढच्या नऊ ते बारा दिवसांत स्वतः अंडी घालायला लागतं. औषधाने जिवंत ऊ मरते, लिखा मात्र बऱ्याच वाचतात. त्यामुळे पहिल्यांदा लावल्यावर नवव्या-दहाव्या दिवशी पुन्हा लावावंच लागतं. रविवारी लावलं, तर पुढचा रविवार गेल्यावर येणाऱ्या सोमवारी-मंगळवारी दुसऱ्यांदा लावायचं. हे विसरलं की पहिली मेहनत वाया.

मेडिकलमध्ये एक टक्का परमेथ्रिनचं लोशन मिळतं. दोन महिन्यांपेक्षा लहान बाळाला ते लावायचं नाही. आधी साध्या शाम्पूने तेल पूर्ण काढा, कंडिशनर लावू नका. केस टॉवेलने पुसून ओलसर असतानाच टाळूपासून टोकापर्यंत लोशन चोळा, कानामागे आणि मानेवर जास्त. डोळ्यांवर कापड धरा. दहा मिनिटांनी धुवून टाका. जास्त वेळ ठेवल्याने जास्त उवा मरतात असं काही नाही. लिंडेनचं औषध कोणी दिलं तर लहान पोरांना वापरू नका, त्याने झटके येऊ शकतात.

औषधाला पैसे नसतील तर बारीक दातांची फणी हाच आधार, आणि आपल्या आज्या तेच करत होत्या. केस ओले करा किंवा भरपूर खोबरेल लावा, उजेडात बसवा, थोडे थोडे केस घेऊन मुळापासून फणी ओढा. दर वेळी फणी पांढऱ्या फडक्यावर पुसा म्हणजे काय निघालं ते दिसतं. तीन-चार दिवसांनी एकदा, असं किमान दोन आठवडे. वेळखाऊ काम आहे, पण चुकत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. रॉकेल लावू नका, चूल जवळ असली तर केस पेटतात, कातडीही भाजते. शेतात फवारायचं औषध तर चुकूनही नको, ते टाळूतून अंगात भिनतं आणि पोराच्या जिवावर बेतू शकतं. सीताफळाच्या बियांची पूड आपल्याकडे सर्रास लावतात. ती धुताना डोळ्यात उतरली तर बुबुळाला जखम होते. तसं झालंच तर स्वच्छ पाण्याने डोळा धुवत राहा आणि लगेच दवाखाना गाठा.

घरात एकाला झाल्या की सगळ्यांची डोकी एकाच दिवशी बघा, आईचंही. ज्याच्या डोक्यात सापडतील त्याचा उपचार त्याच दिवशी. नाहीतर ऊ घरातच फिरत राहते. अंथरूण, उशीचे अभ्रे, ओढण्या गरम पाण्यात धुवून उन्हात टाका. कंगवा, फणी, रिबीन कडक पाण्यात बुडवून ठेवा. डोक्यावरून पडलेली ऊ एक-दोन दिवसांत मरते, त्यामुळे घरभर फवारणी करायची गरज नाही.

खाजवून टाळूला फोड, पू झाला, मानेमागे गाठी आल्या किंवा दोनदा औषध लावूनही जिवंत उवा दिसल्या तर पडघा, अनगाव, दाभाड, खारबाव, जे प्राथमिक आरोग्य केंद्र जवळ असेल तिथे दाखवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा मुलं तपासायला येतं. त्या दिवशी डॉक्टरांना पोरीची टाळू बघायला सांगा, लाजू नका.