खारा बांगडा आणि उत्तरेचे हेरिंग

शुक्रवारी मांस वर्ज्य, मासळी मात्र चालते, हा नियम आपल्या घरांत इतका रुजलेला आहे की त्यामागे केवढा इतिहास उभा आहे, याचा विचार आपण क्वचितच करतो. मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर उकड्या तांदळाची पेज आणि निखाऱ्यावर भाजलेला खारा बांगडा हे गरिबाचे जेवण. युरोपच्या उत्तरेस, स्वीडन, नॉर्वे व डेन्मार्क या देशांत, त्याच मानाचे जेवण म्हणजे खारवलेला हेरिंग मासा आणि राय या धान्याची कुरकुरीत कोरडी भाकरी.

हेरिंग हा आपल्या तारली-पेडव्यांच्या गणातला. तो थव्याने येतो आणि अंगी तेल फार असल्याने लवकर नासतो. म्हणून पकडल्यापासून दिवसभरात तो मिठात घालावा लागे. बाराव्या शतकापासून स्कॅनियाच्या किनाऱ्यावर, जो तेव्हा डेन्मार्कच्या अमलाखाली होता, दर शरदात हेरिंगचा मोठा बाजार भरत असे. मासा तेथला, मीठ जर्मनीतील ल्यूनेबर्गच्या खाऱ्या झऱ्यांचे आणि व्यापार ल्यूबेकच्या सावकारांचा. गिऱ्हाईक होते ते उपवासकाळ व शुक्रवार पाळणारे अवघे ख्रिस्ती युरोप! सोळाव्या शतकात हे देश रोमपासून दुरावले, उपवासाचे नियमही मागे पडले; परंतु हेरिंग ताटातून गेले नाही. नाताळ, पुनरुत्थान सण आणि भर उन्हाळ्यातील उत्सव या तिन्ही प्रसंगी ते आजही पहिल्याने वाढले जाते. मीठ उतरवलेले तुकडे व्हिनेगर, साखर, कांदा व तमालपत्र यांत मुरवतात आणि उकडलेले बटाटे, आंबट साय व लोणी लावलेली कोरडी भाकरी यांसह खातात. त्या भाकरीच्या मध्यभागी भोक असे. वर्षातून मोजक्याच वेळा भाकऱ्या भाजायच्या आणि काठीत ओवून आढ्याला टांगायच्या, अशी जुनी रीत होती. आपली पावसाळ्याची बेगमी, तशी ती त्यांची हिवाळ्याची.

या दोन किनाऱ्यांचा दुवा आपल्या वेंगुर्ल्यातच उभा आहे. सतराव्या शतकात येथे वखार घालणारे डच हे त्या काळचे हेरिंगचे सर्वांत मोठे व्यापारी होते. ॲमस्टरडॅम शहर हेरिंगच्या काट्यांवर उभे आहे, अशी त्यांच्यात म्हणच आहे. त्या वखारीचे भग्नावशेष आजही दिसतात.

मासा खारवायचा तर मीठ हवे, आणि मिठावर राजसत्तेची नजर असतेच. इंग्रजी अमलात 1882 च्या कायद्याने मिठावरील सरकारी पकड घट्ट झाली. कर भरलेले मीठ मासे खारवणाऱ्यास परवडेना, म्हणून किनाऱ्यावर सरकारी आवारे उघडून तेथे सवलतीचे मीठ द्यावे लागले. 1930 साली शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रह झाला, तो या पार्श्वभूमीवर पाहिला म्हणजे खाऱ्या बांगड्याची किंमत कळते. तो कर 1947 मध्ये रद्द झाला.

आज संकट मिठाचे नाही, माशाचे आहे. नॉर्वेच्या समुद्रात यांत्रिक पर्ससीन जाळी आली आणि 1960 च्या दशकाच्या अखेरीस तेथील हेरिंग जवळजवळ संपले. ते सावरण्यास सुमारे दोन दशके लागली. उत्तर समुद्रात 1977 साली हेरिंगची मासेमारीच बंद करावी लागली. आपल्या किनाऱ्यावर रापणीचे दोर गाबीत व ख्रिस्ती बांधव खांद्याला खांदा लावून ओढत आले आहेत, आणि मिळालेल्या मासळीत ओढणाऱ्या प्रत्येकाचा वाटा असतो. पर्ससीनमुळे हा वाटा आटू लागला, तेव्हा पारंपरिक मच्छीमारांनी लढा दिला. 5 फेब्रुवारी 2016 रोजी महाराष्ट्र शासनाने पर्ससीनवर निर्बंध घातले. कागदावरील निर्बंध समुद्रात पाळले जावेत, यासाठी त्यांना अजूनही झगडावे लागते.

पोप पौल सहावे यांनी 1966 साली प्रायश्चित्ताचे नियम नव्याने घालून दिले, तेव्हा उपवासाला प्रार्थनेची आणि परोपकाराची जोड हवी यावर भर दिला. शुक्रवारी महागडा सुरमई-पापलेट मागवून नियम पाळता येतो, पण त्याचा हेतू तेथे साधत नाही. उपवासाचा मासा हा मुळात गरिबाच्या ताटातला आणि सर्वांना पुरणारा. त्या ताटात तो उद्याही उरावा म्हणून रापणकरांच्या पाठीशी उभे राहणे, हेही आपल्या शुक्रवारच्या व्रताचेच अंग आहे, असे आम्हांस वाटते.