पोर आईचं, सही बापाची

बापानं आईला टाकली तेव्हा मी चार वर्षांचा. पुढं शिष्यवृत्तीच्या फॉर्मवर कारकुनानं पालकाची सही मागितली. आईनं अंगठा पुढं केला. तो म्हणाला, "बाप मेलाय का? नाही ना? मग त्याची सही आण." बाप दुसरीसंगं दोन तालुके पल्याड. आईनं मजुरी बुडवली, एस्टीचं भाडं उसनं घेतलं, आणि ज्यानं वर्षात पायलीभर ज्वारी दिली नव्हती त्याची सही घेऊन आली.

मला वाटायचं कारकून हरामखोर. कायदा वाचला तेव्हा कळलं, तो पुस्तकाप्रमाणंच बोलत होता.

मित्रांनो, ते पुस्तक म्हणजे १९५६ चा हिंदू अज्ञान व पालकत्व कायदा. कलम ६. लग्नाच्या पोराचा नैसर्गिक पालक बाप, 'आणि त्याच्यानंतर' आई. पाच वर्षांखालचं पोर मात्र सर्वसाधारणपणे आईच्या ताब्यात. म्हणजे हगणं-मुतणं काढायला आई, सही करायला बाप. आता त्याच कलमाचं पुढचं पोटकलम बघा. लग्नाविना झालेल्या पोराची पालक आधी आई, मग बाप! मंगळसूत्र घातलं की बाई दुसऱ्या नंबरवर, नाही घातलं तर पहिल्या. हे काही कुमारी मातेवरचं प्रेम नव्हे. त्या पोराला बापाच्या घराण्यात घ्यायचं नाही, म्हणून आईच्या पदरात टाकलं. मनूनं नवव्या अध्यायात बाईला शेत आणि पुरुषाला बी म्हटलंय. पीक बीवाल्याचं की शेतमालकाचं, एवढाच तिथला वाद. शेताला कुणी विचारलं नाही.

आपल्या वस्त्यांना हे नवं नाही. मुरळ्या-जोगतिणींची पोरं आईच्याच जिवावर वाढली आणि शाळेच्या दारात 'बाप कोण?' ऐकत राहिली. १९३४ साली मुंबई इलाख्यात देवदासी करण्यावर बंदी आली, १९३६ साली बाबासाहेबांनी मुंबईत या बायांपुढं भाषण केलं. प्रश्न जुनाच. जोतिराव-सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, ते फसवलेल्या विधवांच्या पोरांसाठीच.

हिंदू कोड बिल रखडवलं म्हणून बाबासाहेबांनी १९५१ मध्ये राजीनामा दिला. पुढं त्याच बिलाचे तुकडे करून कायदे झाले, त्यातला हा एक. तारीख २५ ऑगस्ट १९५६. दीड महिन्यानं, १४ ऑक्टोबरला, आपण नागपूरला हिंदू धर्म सोडला. पण कायद्याच्या 'हिंदू' शब्दात बौद्धही धरलेत. धर्म सुटला, कलम ६ काही सुटलं नाही.

भोकं पाडली ती बायांनी. १९७० साली जिजाबाई गजरे खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं, बाप जिवंत आहे पण वेगळा राहतो, पोरीचं काही बघत नाही, तर तो नसल्यातच जमा, पालक आई. १९९९ मध्ये लेखिका गीता हरिहरन यांचा निकाल आला. मुलाच्या नावे रोखे घ्यायला रिझर्व्ह बँकेनं बापाची सही मागितली होती. न्यायालयानं 'त्याच्यानंतर' म्हणजे मेल्यानंतर नव्हे, तर 'त्याच्या गैरहजेरीत' असा अर्थ लावला. छान. पण बाप पहिला, हे राहिलंच, आणि कायद्यातला शब्दही तसाच. २०१५ मध्ये अविवाहित आईला बापाचं नाव न सांगता पालकत्व मागता येईल असं ठरलं. आता महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या पोराच्या सरकारी कागदावर आईचं नाव बापाच्या आधी येतं.

हे झालं सरकारचं. आपले भाऊ काय करतात? भीमजयंतीला हिंदू कोड बिलावर तासभर बोलणारा एक कार्यकर्ता फारकतीच्या बैठकीत म्हणाला, "पोरगा माझं रक्त आहे, पोरगी तू ने." पंचांत मीही बसलो होतो. लगेच तोंड उघडलं नाही. बाईच म्हणाली, "दोघं माझ्या पोटचे हायेत. कोर्टात भेट."

तिच्यासंगं तारखेला आता मी जातो. पिशवीत १९९९ च्या निकालाची झेरॉक्स असते.