द्राक्षमळ्यातलं ताट

दक्षिण आफ्रिकेच्या खालच्या टोकाला केपटाऊन शहर आहे. शहराच्या पाठीशी सपाट माथ्याचा टेबल माउंटन. या डोंगराच्या मागच्या अंगाला एक हिरवंगार खोरं आहे, त्याचं नाव कॉन्स्टान्शिया. इथल्या द्राक्षमळ्यांना आता ३४० वर्षं होतील. परदेशी पाहुण्यांना या मळ्यांमधून दिवसभराच्या सहलीवर नेतात. सोबत गाईड असतो. एका मळ्यातून दुसऱ्या मळ्यात जायचं, जुनी डच घरं बघायची, गोदामातल्या पिंपांना हात लावायचा, चार प्रकारच्या वाइन चाखायच्या आणि दुपारी तिथंच जेवायचं, असा एकूण कार्यक्रम.

काही वर्षांपूर्वी मी या सहलीला गेलो होतो. आता तुम्ही म्हणाल, वाइनला तोंड न लावणारा माणूस तिथं काय करणार? मलाही हाच प्रश्न पडला होता. पण केपटाऊनमध्ये माझ्या अम्मीचे चुलतभाऊ राहतात. रत्नागिरी जिल्ह्यातले आणि एकूणच कोकणातले मुसलमान शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी बोटीनं तिकडं गेले, दुकानं थाटली, तिथलेच झाले. शहरातल्या लूप स्ट्रीटवरच्या मशिदीची स्थापना १८९२ सालची. ती उभी करण्यात या कोकणी मंडळींचा मोठा वाटा आहे. तर हे मामू मला म्हणाले, "पिऊ नको, पण बघून ये. आपल्या मुलखातली माणसं तिथं आपल्या कितीतरी आधी पोचलीत."

मामूंच्या या वाक्याचा अर्थ समजायला थोडं मागं जावं लागेल.

डच ईस्ट इंडिया कंपनीनं १६५२ साली केपला ठाणं वसवलं. युरोपातून हिंदुस्थान, जावा, सिलोनकडे जाणाऱ्या जहाजांना ताजं पाणी, मांस आणि भाजीपाला पुरवण्यासाठी हे ठाणं होतं. ठाण्याचा प्रमुख यान फान रीबेक यानं द्राक्षाचे वेल मागवून लावले. २ फेब्रुवारी १६५९ रोजी केपच्या द्राक्षांची पहिली वाइन निघाली, अशी नोंद त्यानं रोजनिशीत केली. ही तारीख केपच्या वाइनच्या कुठल्याही पुस्तकात सापडते. त्याच्या एकच वर्ष आधी, १६५८ साली, गुलामांची पहिली मोठी जहाजं केपला लागली होती. या दोन तारखा मात्र शेजारी-शेजारी छापलेल्या फारशा दिसत नाहीत.

१६५८ पासून १८०८ पर्यंत सुमारे ६३,००० माणसं गुलाम म्हणून केपला आणली गेली. इतिहासकारांच्या हिशेबानं त्यांतली सुमारे चौथाई हिंदुस्थानातली होती. बंगाल, कोरोमंडल, मलबार इथून ती आली. बाकीची मादागास्कर, आफ्रिकेचा पूर्व किनारा आणि आजचा इंडोनेशिया इथली. कंपनीच्या दफ्तरात या माणसांना बापाचं नाव नाही, गावाचं नाव नाही. 'बंगालची अँजेला', 'मलबारचा अमुक', 'किनाऱ्याचा तमुक', एवढीच ओळख. यातली अँजेला ही खुद्द फान रीबेकच्या घरी होती. १६६६ साली ती मुक्त झाली, पुढं एका युरोपीय गृहस्थाशी तिचं लग्न झालं, आणि आज तिच्या वंशजांत कितीतरी गोरी आफ्रिकान घराणी आहेत.

कॉन्स्टान्शियाची गोष्टही इथंच येऊन मिळते. १६८५ साली केपचा प्रमुख सायमन फान देर स्टेल याला या खोऱ्यात ८९१ मॉर्गन, म्हणजे जवळजवळ १,९०० एकर जमीन मिळाली. त्यानं द्राक्षं लावली, मोठं घर बांधलं. सहलीत या माणसाचं तैलचित्र दाखवतात आणि केपच्या वाइनचा जनक म्हणून त्याचं कौतुक सांगतात. ते रास्तच आहे. पण त्याच्या आईची आई मोनिका नावाची आशियाई बाई होती. दफ्तरात तिलाही 'किनाऱ्याची' म्हटलंय. हा किनारा म्हणजे आपल्या हिंदुस्थानचा, आणि ती मूळची गुलाम असावी असं मानतात. म्हणजे मालकाच्या रक्तातही आपला मुलूख होता आणि मालकाच्या मळ्यात राबणाऱ्यांतही.

पुढं १७७८ साली हेन्ड्रिक क्लूटे नावाच्या माणसानं ग्रूट कॉन्स्टान्शिया, म्हणजे थोरला कॉन्स्टान्शिया हा मळा विकत घेतला आणि इथल्या गोड वाइनचं नाव युरोपभर गाजलं. तिची रीत ऐकण्यासारखी आहे. मस्कत जातीची द्राक्षं पिकली तरी तोडायची नाहीत. वेलावरच ठेवायची, घड सुरकुतू द्यायचे. आपल्या तासगावच्या बागाईतदाराला सांगायचं तर, बेदाणा होण्याच्या वाटेवर निम्मं अंतर गेलेलं द्राक्ष. त्यातलं पाणी उडतं, साखर घट्ट होते. असा रस कमी निघतो आणि माणूसबळ जास्त लागतं, कारण नेमके सुकलेले घड एकेक करून हातानं निवडावे लागतात. हे हात कुणाचे, हे सांगायला नकोच. सेंट हेलेना बेटावर नजरकैदेत असताना नेपोलियनसाठी हीच वाइन जात असे. इंग्रज कादंबरीकार जेन ऑस्टिन हिच्या १८११ सालच्या कादंबरीत प्रेमभंगावरचा उतारा म्हणून एक बाई हीच वाइन सुचवते.

क्लूटेच्या काळातली वाइनची कोठी आजही उभी आहे, १७९१ सालची. तिच्या दर्शनी भागावर चुन्यातलं सुरेख कोरीवकाम आहे. ते अँटन अनरायथ या शिल्पकाराचं मानलं जातं. मध्ये गरुडावर बसलेला एक तरुण मुलगा, भोवती बालमूर्ती आणि द्राक्षांचे घड. आमच्या गाईडनं सांगितलं, हा गॅनिमीड, ग्रीक देवांचा साकी. शब्द 'साकी' माझा, अर्थ त्यांचा. गझल वाचणाऱ्या माणसाला साकी नवा नाही. पण गॅनिमीडची कथा मला आठवत होती. हा मुलगा देवांच्या दरबारात आपखुशीनं गेलेला नाही. देवांच्या राजानं गरुडाच्या रूपात झडप घालून त्याला घरून पळवून नेलं आणि कायमचं प्याले भरायला उभं केलं. ज्या कोठीत पळवून आणलेली माणसं राबत होती, तिच्याच दारावर पळवून आणलेल्या मुलाचं चित्र! शिल्पकाराच्या मनात असं काही नसेलही. पण त्या दाराखालून रोज ये-जा करणाऱ्या एखाद्यानं मान वर करून बघितलं असेल, तेव्हा त्याला काय वाटलं असेल, हा प्रश्न माझ्या मनातून गेला नाही.

जुन्या घरात आता संग्रहालय आहे, आणि मळ्यावरच्या गुलामांचं जिणं सांगण्याचं काम ते करतं, हे मुद्दाम नोंदवायला हवं. आमच्या सहलीत मात्र संग्रहालयाला वीस मिनिटं होती आणि वाइन चाखायला दीड तास.

मंडळी चाखत होती तेव्हा मी बाहेर वेल बघत फिरलो. मग जेवण आलं. मळ्यातल्या थोरल्या मुलासाठी बांधलेल्या जुन्या घरात, त्याला योंकर्सहाउस म्हणतात, उपाहारगृह होतं. ताटात आला बोबोटी. म्हणजे मसाल्यात परतलेला खिमा, त्यात थोडा आंबट-गोडपणा, वर अंडं आणि दुधाचा थर, खोचलेलं तमालपत्र, आणि सगळं भट्टीत भाजलेलं. सोबत हळदीचा पिवळा भात, त्यात बेदाणे. एका वाटीत जर्दाळूची चटणी आणि दुसरीत अचार. त्याला तिथं 'आतयार' म्हणतात. हा शब्द फारशीतून हिंदुस्थानात आला, मलायी मुलखात गेला, गुलामांच्या तोंडून केपला पोचला आणि आज गोऱ्या शेतकऱ्याच्या आफ्रिकान्स भाषेतही आहे. रोटी आणि समोसाही तिथं आपल्याच नावानं मिळतात.

या स्वयंपाकाला 'केप मले' म्हणतात. नाव फसवं आहे. यातले फारच थोडे लोक मलायातले होते. वेगवेगळ्या मुलखांतून आलेल्या या माणसांना एकमेकांशी बोलायला मलायी भाषा सोयीची होती, म्हणून ते सगळेच मले ठरले. बंगाली, तमिळ, मलबारी, बुगी, जावाई हे सगळे एका शब्दात बुडाले. दफ्तरानं त्यांची नावं आधीच पुसली होती. पुष्कळांना तर ज्या महिन्यात आणलं किंवा विकत घेतलं त्या महिन्याचंच नाव दिलं जाई. केपटाऊनमध्ये आजही सप्टेंबर, एप्रिल, फेब्रुवारी ही आडनावं आहेत.

पण स्वयंपाकघरात काय चाललंय यावर कंपनीचा कारकून पहारा ठेवू शकत नव्हता. किती हळद, कशात घालायची, आंबटपणा कशानं आणायचा, हे आईनं लेकीला सांगितलं. कागदावर काहीच नव्हतं, म्हणून कुणाला ते खोडताही आलं नाही. त्या दिवशी टेबलावर बाटली होती, तिच्यावर मळ्याचं नाव होतं, साल होतं. ताटावर कुणाचंच नाव नव्हतं. तरी त्यातला एकेक पदार्थ कुठल्या किनाऱ्यावरून निघाला ते सांगत होता.

वाइनचा या माणसांच्या आयुष्याशी आणखी एक संबंध आहे, आणि तो कडू आहे. गुलामी १ डिसेंबर १८३४ रोजी कायद्यानं संपली. पण आणखी चार वर्षं 'उमेदवार' म्हणून त्याच मालकाकडे राबण्याची सक्ती होती. नुकसानभरपाई मिळाली, ती मालकांना. पुढं केपच्या मळ्यांवर मजुरीचा काही भाग स्वस्त वाइनच्या रूपानं देण्याची चाल टिकून राहिली. तिला 'डॉप' म्हणत. दिवसातून अनेकदा घोट द्यायचा, म्हणजे माणूस मळ्याला बांधलेला राहतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कायद्यानं ही चाल बंद झाली, पण ती लगेच मेली नाही. आईच्या पोटात असतानाच दारूनं इजा झालेल्या मुलांचं प्रमाण त्या प्रांतात जगातल्या सर्वाधिक प्रमाणांपैकी आहे. चाखण्याच्या टेबलावर हे कुणी सांगत नाही, आणि सांगावं अशी अपेक्षाही नसते.

केपमध्ये इस्लाम रुजला त्यालाही ही पार्श्वभूमी आहे. कंपनीच्या राज्यात या धर्माचं उघड आचरण करायला बंदी होती. ती १८०४ साली उठली. तरीही गुलामांमध्ये तो पसरला. दारूला न शिवणारा गडी काही मालकांना सोयीचाही वाटे. म्हणजे मळा वाइनचा, आणि विश्वासाचा गडी न पिणारा! इतिहासात असे विनोद घडतात, फक्त हसण्याची सवड त्या माणसांना नसते.

आमची पुढची भेट क्लाइन कॉन्स्टान्शियाला होती, म्हणजे धाकट्या कॉन्स्टान्शियाला. द्राक्षांवर पडलेली कीड आणि बाजारातली मंदी यांमुळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इथली जुनी गोड वाइन बंद पडली होती. १९८० साली नव्या मालकांनी हा मळा घेतला आणि १९८६ च्या हंगामापासून ती पुन्हा सुरू केली. या मळ्याच्या फाटकाशीच, झाडीत, ओढ्याकाठी एक दर्गा आहे. तिकडं त्याला क्रामत म्हणतात, आपल्या 'करामत' शब्दाचंच रूप. डचांशी लढलेल्या सुमात्राकडच्या एका राजघराण्यातले शेख अब्दुर्रहमान मतेबे शाह यांचा तो. १६६० च्या दशकात कंपनीनं त्यांना पकडून इथं हद्दपार केलं. म्हणजे फान देर स्टेलला जमीन मिळण्याच्या आधीपासून हे या खोऱ्यात होते. ओढ्याकाठी बसून ते इबादत करत आणि गुलामांना दीन शिकवत, असं लोक सांगतात.

आमच्या कार्यपत्रिकेत क्रामत नव्हता. गाईडला विनंती केली, तेव्हा ती आनंदानं थांबली आणि म्हणाली, "माझी आजी इथं यायची. आमचं घर याच खोऱ्यात होतं." होतं, कारण १९५० सालच्या वर्णवार वस्त्यांच्या कायद्याखाली १९६० च्या दशकात कॉन्स्टान्शिया फक्त गोऱ्यांसाठी राखीव झालं. पिढ्यान्‌पिढ्या इथं भाजी आणि फुलं पिकवणारी कुटुंबं उचलून केप फ्लॅट्सच्या वाळूवर नेऊन टाकली. १९९४ च्या कायद्यानंतर काहींना जमीन परत मिळाली, काहींना पैसे. कबरी मात्र जागच्या जागी राहिल्या होत्या. माणसं बसनं येऊन फातिहा पढून जात.

वाइनच्या सहली वाईट असं मला म्हणायचं नाही. त्या सहलीमुळेच हे सारं मला एका दिवसात बघता आलं. उद्या तुमच्यापैकी कुणी तिकडं गेलं, आणि हल्ली आपली पुष्कळ मंडळी जातात, तर जरूर जावं. ज्याला प्यायची त्यानं प्यावी. फक्त संग्रहालयाला वीस मिनिटांपेक्षा जास्त वेळ मागून घ्यावा. कोठीच्या दारावरचा मुलगा मान वर करून बघावा. जेवायला बसल्यावर, हा पदार्थ पहिल्यांदा कुणी शिजवला असेल, असं गाईडला विचारावं. आणि क्लाइन कॉन्स्टान्शियाच्या फाटकातून गाडी आत वळण्याआधी ड्रायव्हरला दोन मिनिटं थांबायला सांगावं. ओढ्याचा आवाज रस्त्यावरूनही ऐकू येतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)