वितरित यंत्रणा आणि यवतमाळची रेल्वे

यवतमाळ ते मूर्तिजापूर हा अरुंद लोहमार्ग विसाव्या शतकाच्या प्रारंभीं वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बंदराकडे नेण्यासाठीं घालण्यांत आला. रुळांमधील अंतर अवघें २ फूट ६ इंच. मार्गाची मालकी सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीची. गाड्या चालवी जी. आय. पी. रेल्वे. मूर्तिजापूरला गांठी रुंद मार्गाच्या डब्यांत चढवाव्या लागत. यवतमाळच्या व्यापाऱ्यास मात्र ही सारी एकच रेल्वे भासे.

संगणकशास्त्रांत जिला ‘वितरित यंत्रणा’ म्हणतात, ती अशीच असते. स्वतंत्र संगणक केवळ संदेशांनीं जोडलेले. वापरणाऱ्यास ते एकरूप दिसतात. ‘सेवा’ म्हणजे तिचा असा भाग, कीं ज्याचें काम करारानें ठरलेलें असतें. त्याची आंतली रचना इतरांनीं जाणण्याचें कारण नसतें.

परंतु एवढ्यानें व्याख्या पुरी होत नाहीं. मूर्तिजापूरला डबे नसले, तर यवतमाळचें इंजिन धडधाकट असूनहि कापूस अडणारच. दूरच्या स्थानकाकडून उत्तर आलें नाहीं, तर स्थानक बंद पडलें कीं तार तुटली, हें कळत नाहीं. घड्याळेंहि निरनिराळीं. संदेश आधीं निघतो व मग पोंचतो, या निश्चित गोष्टीच्या आधारें लेस्ली लॅम्पोर्ट यांनीं १९७८ सालीं घटनांचा क्रम लावून दाखविला.

आज कापसाचे पैसे शेतकऱ्याच्या खात्यांत येतात, तेहि अशाच अनेक सेवांमधून. त्यांतील एखादी अडल्यास जबाब कोणी द्यावा, हें ज्या करारांत लिहिलेलें नाहीं, त्याची व्याख्या अपुरीच म्हणावी लागेल.